काचेमागची आगगाडी

दिवाळीच्या सुटीत अंगणात मातीचा किल्ला केला नाही असा मराठी माणूस विरळा. दगडविटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेली गोणपाटे, पायथ्याशी अळिवाची हिरवळ आणि बुरुजावर दरवाजाहून दीडपट उंच मावळा, हा थाट ज्याने एकदा उभा केला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही की किल्ला पाहण्यात जेवढे सुख आहे त्याच्या दसपट तो बांधण्यात आहे. किल्ला पुरा झाला की दोन दिवसांत पोरे दुसऱ्या उद्योगाला लागतात, ती याचमुळे.

माझा भाचा हा असाच एक जुना किल्लेकरी. मिसरूड फुटले, नोकरी लागली, तरी त्याची खोड गेली नाही. फक्त चिखल गेला. गेली काही वर्षे तो रात्री जेवणे आटोपली की संगणकापुढे बसतो आणि काचेमागे लोहमार्ग बांधतो. ‘‘मामा, दोन मैल झाले,’’ असे तो मोठ्या अभिमानाने सांगे तेव्हा प्रारंभी मला हसू येई. त्या दोन मैलांना दोन महिने लागले होते हे कळल्यावर हसू थांबले. आणि या छंदामागे चांगला चाळीस वर्षांचा इतिहास आहे हे ध्यानात आल्यावर मी तो गोळा करू लागलो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खऱ्या यंत्रासारखे वागणारे खोटे यंत्र म्हणजे सिम्युलेटर. आगगाडीच्या सिम्युलेटरमध्ये इंजिनाच्या खिडकीतून दिसावा तसा मार्ग पडद्यावर दिसतो. हाताशी रेग्युलेटर, ब्रेक आणि शिट्टी. चढ आला की गाडी रेंगाळते, उतारावर ब्रेक वेळेत लावला नाही तर फलाट मागे पडतो, आणि सिग्नल ओलांडलात तर तुमची ड्यूटी तेथेच संपते. यात शत्रू नाही, लढाई नाही, लुटावयाचा खजिना नाही. गाडी वेळेवर पोचविणे एवढाच काय तो पराक्रम. माझ्या बहिणीला याचे कोडे काही सुटत नाही. ‘‘बिनपगारी ड्यूटी कशाला करतोस रे?’’ असे ती लेकाला विचारते, आणि या प्रश्नाला त्याच्यापाशी आजवर उत्तर सापडलेले नाही.

खोट्या गाड्यांवर खरे शिक्षण देण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी. इंग्लंडातील लँकाशायर अँड यॉर्कशायर रेल्वेने १९१२ साली मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्टेशनात सिग्नलवाल्यांच्या शाळेसाठी एक नमुना-लोहमार्ग मांडला होता. छोटे रूळ, छोटे सांधे, छोटे सिग्नल. उमेदवारांनी चुका तेथे कराव्या आणि मग खऱ्या केबिनीत पाऊल टाकावे. इंजिनवाल्यांच्या वाट्याला एवढेही आले नाही. त्यांनी आपापसांत वर्ग चालविले. काम संपल्यावर, स्वतःच्या वेळात, जुन्या माणसाने नव्याला वाफ आणि ब्रेक समजावून द्यावयाचे. परंतु मार्ग मात्र मार्गावरच शिकावा लागे, आणि आजही लागतो. कोणता सिग्नल कोणत्या झाडाआडून डोकावतो, चढ कोठे मोडतो, अंधारात कोणता पूल कसा वाजतो, हे ड्रायव्हरला पाठ असावे लागते. आपल्या रेल्वेत याला रोड लर्निंग म्हणतात. हे ज्ञान फारसे कोठे लिहिलेले नसते. माणसांच्या डोक्यात असते आणि माणसांबरोबर जाते. पुढच्या हकिकतीत त्याचे काम पडणार आहे म्हणून ते येथेच सांगून ठेवतो.

घरच्या संगणकावर वाफेचे इंजिन हाकण्याची हौस पुरविणारा एक गाजलेला खेळ १९८५ साली इंग्लंडात निघाला. ह्यूसन या कंपनीचा ‘सदर्न बेल’. तेव्हाच्या स्पेक्ट्रम संगणकाची स्मरणशक्ती अवघी ४८ किलोबाइट; फोनवर हल्ली जी दिवाळीची शुभेच्छाचित्रे येतात त्यांतले एखादेही तेवढ्यात मावणार नाही. तेवढ्या जागेत लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनापासून ब्रायटनपर्यंतचा सुमारे पन्नास मैलांचा मार्ग कोंबलेला होता. देखावा म्हणजे नुसत्या रेघा. पण बॉयलरात पाणी किती, भट्टीत कोळसा किती, डॅम्पर उघडा की मिटलेला, इंजेक्टर केव्हा सुरू करावयाचा, हे सारे खेळणाऱ्याला सांभाळावे लागे. ड्रायव्हर आणि फायरमन दोघांची कामे एका टिचभर कीबोर्डावर.

दोन वर्षांनी त्याच कंपनीने ‘ईव्हिनिंग स्टार’ हा दुसरा खेळ काढला, आणि येथे या हकिकतीला खरे वळण लागते. कारण तो खेळ ज्या मार्गावर बेतला होता त्या मार्गावरून तेव्हा एकही गाडी धावत नव्हती. तो वीस वर्षांपूर्वीच बंद पडला होता.

हा मार्ग म्हणजे सॉमरसेट अँड डॉर्सेट रेल्वे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील बाथ शहरापासून समुद्रकाठच्या बोर्नमथपर्यंत सुमारे ७१ मैल. मेंडिप नावाच्या टेकड्या ओलांडताना तो ८११ फुटांपर्यंत चढे. सह्याद्रीच्या लेकरांना हे फार वाटणार नाही. पण पन्नास फुटांस एक फूट असा चढ वाफेच्या इंजिनाला घाम फोडणारा असतो, आणि उन्हाळ्यातल्या सुटीच्या गाड्या भरगच्च. बहुधा दोन दोन इंजिने जोडून त्या वर न्याव्या लागत. कंपनीच्या एस अँड डी या आद्याक्षरांवरून लोक तिला लाडाने ‘चपळ आणि मनोहर’ म्हणत, आणि गाडी चुकली किंवा रेंगाळली की ‘संथ आणि मळकी’. दोन्ही नावे इंग्रजीत त्याच दोन अक्षरांत बसतात.

या मार्गावर कोम डाउन नावाचा बोगदा होता. लांबी १,८२९ यार्ड, म्हणजे मैलाहून थोडा जास्त, एकेरी रूळ, अरुंद, आणि धूर वर जाण्यास मध्ये एकही वायुवीवर नाही. २० नोव्हेंबर १९२९ रोजी बाथकडे येणारी एक मालगाडी या बोगद्यात चढावर अगदी माणसाच्या चालीने सरकू लागली. धूर साचत गेला. ड्रायव्हर आणि फायरमन दोघेही गुदमरून बेशुद्ध पडले. गाडी मात्र थांबली नाही. कशीबशी चढ संपवून ती बोगद्याबाहेर पडली आणि पुढच्या तीव्र उतारावर, हाकणारा कोणी नसताना, सुसाट खाली जाऊन बाथच्या मालधक्क्यात आदळली. ड्रायव्हर गेला, आणि खाली आवारात असलेले रेल्वेचे आणखी दोघे गेले. सिम्युलेटरमध्ये तो बोगदा आज कोणालाही ओलांडता येतो. आत काळोख होतो, आवाज घुमतो, धुराचे पुंजके खिडकीवरून जातात. जीव मात्र गुदमरत नाही.

१९६३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. तोट्यातले सुमारे पाच हजार मैल लोहमार्ग आणि २,३६३ स्टेशने बंद करावी अशी त्यात शिफारस होती. सॉमरसेट-डॉर्सेटच्या गाड्यांना त्याआधीच ओहोटी लागली होती. मँचेस्टर-बोर्नमथ ‘पाइन्स एक्स्प्रेस’ या मार्गाने शेवटची धावली ती ८ सप्टेंबर १९६२ रोजी, आणि तिला जोडले होते ‘ईव्हिनिंग स्टार’ हे इंजिन. १९६० साली स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडलेले हे ब्रिटिश रेल्वेने बांधलेले अखेरचे वाफेचे इंजिन. खेळाला त्याचे नाव दिले गेले ते या नात्याने. ७ मार्च १९६६ पासून मार्ग बंद झाला. रूळ उखडले, भराव झाडोऱ्याने भरले, जागोजाग जमीन विकली गेली.

मग खेळ करणाऱ्यांना आणि त्यांच्यामागून आलेल्या असंख्य हौशी मंडळींना हा मार्ग कळला कसा? याचे पुष्कळसे श्रेय बाथमध्ये राहणाऱ्या आयव्हो पीटर्स या गृहस्थांना आहे. मार्ग जिवंत असताना वर्षानुवर्षे ते कॅमेरा घेऊन त्याच्या कडेने हिंडत राहिले. पुढे त्यांच्या छायाचित्रांची पुस्तके निघाली, चित्रफिती निघाल्या. आज कोणी त्या मार्गावरचे एखादे स्टेशन पडद्यावर उभे करू लागला की प्रथम ही पुस्तके उघडतो. फोटोत इंजिन मध्यभागी असते, पण बांधणाऱ्याची नजर कडेला जाते. कुंपण लोखंडी की लाकडी? दिव्याचा खांब फलाटाच्या कोणत्या टोकाला? पाण्याच्या टाकीला शिडी डावीकडून की उजवीकडून? फोटो काढताना जे सहज आले तेच आता मोलाचे ठरले आहे.

ही दृष्टी संगणकाच्याही आधीची आहे. रॉय इंग्लंड नावाचा एक तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला आला. आगगाड्यांची ओढ त्याला होतीच. पण व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातली जुनी गवती छपरांची घरे त्याच्या डोळ्यांदेखत बदलू लागली, कोणाचे छप्पर गेले, कोणाची भिंत गेली, तेव्हा ती सारी मोजून, टिपून, लहान प्रमाणावर जशीच्या तशी करून ठेवावयाची असा त्याने ध्यास घेतला. त्यातून १९५४ साली लाँग विटनम या खेड्यात पेंडन संग्रहालय उभे राहिले. चार मिलिमीटरला एक फूट हे प्रमाण. एकेका झोपडीला महिनेच्या महिने. आजही स्वयंसेवक ते काम करीत आहेत. आमच्या भाच्याच्या दोन मैलांना दोन महिने लागतात याचे नवल मला पेंडनची हकिकत वाचल्यापासून वाटेनासे झाले.

जपानची तऱ्हा वेगळी. तेथे बांधण्याआधी चालविण्याचे वेड पसरले. १९९६ साली टायटो कंपनीचा ‘देन्शा दे गो’ हा यांत्रिक खेळघरांतला खेळ आला, आणि ऑफिसातून परतणारी माणसे, जी दिवसातून दोनदा लोकलमध्ये कोंबली जात, ती पैसे टाकून लोकल चालवू लागली. सेकंद चुकला तर गुण गेले. फलाटावर ठरल्या खुणेपासून डबा पुढेमागे झाला तरी गुण गेले. त्याच सुमारास एका जपानी हौशी माणसाने ‘बीव्हीई’ नावाचा सिम्युलेटर करून फुकट वाटून दिला. त्याची गंमत अशी की त्यात मार्ग म्हणजे चक्क साधा लिहिलेला मजकूर. इतक्या मीटरांवर वळण, त्रिज्या इतकी. इतक्या मीटरांवर चढ, हजारास इतका. येथे फलाट सुरू, येथे संपला. ज्याला लिहिता येते त्याला मार्ग बांधता येतो.

आणि मग २००१ साल उजाडले. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने इंग्लंडातील कुजू या मंडळींकडून करवून घेतलेला ‘ट्रेन सिम्युलेटर’ बाजारात आणला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या ऑरान कंपनीने ‘ट्रेन्झ’ काढला. पहिल्यात सहा मार्ग होते: अमेरिकेतले दोन, जपानमधले दोन, ऑस्ट्रियातला एक आणि इंग्लंडातला एक. पण खरी देणगी निराळीच होती. मार्ग बांधण्याची हत्यारेही याच पेटीत घालून दिली होती. ‘ट्रेन्झ’मध्ये तर बांधणीच्या दालनाचे नावच ‘सर्व्हेयर’, म्हणजे भूमापक. नाव देणाऱ्याने विचार करून दिले असावे. कारण हे काम करू लागलेला प्रत्येक जण काही दिवसांतच शेदीडशे वर्षांपूर्वीच्या भूमापकाच्या पावलांवर पाऊल टाकू लागतो.

ते कसे, हे मी भाच्याच्या पाठीशी बसून पाहिले. मायक्रोसॉफ्टच्या त्या जगात जमीन २,०४८ मीटर लांबीरुंदीच्या चौकोनांची केलेली आहे, आणि दर आठ मीटरांवर एक बिंदू. त्याची उंची वर-खाली करावयाची. हातांनी केले तर जन्म पुरणार नाही. पण फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ हे अंतराळयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरले आणि रडारने जवळजवळ साऱ्या वसलेल्या जगाची उंचसखल मोजून आले. ती मापे पुढे सर्वांना फुकट मिळू लागली. डोंगर पडद्यावर आपोआप उभे राहतात ते त्यांच्यामुळे. मात्र बहुतेक जगासाठी प्रथम मिळालेली मापे सुमारे नव्वद मीटरांच्या अंतराची. लोहमार्गाचा भराव पाच-सात मीटर रुंद. अंतराळातून तो दिसतच नाही. मापांवर विसंबून रूळ टाकले तर गाडी ओढ्यात उतरते आणि टेकडीवर चढते. आगगाडीची बैलगाडी होते. तेव्हा भराव कोठे होता, कटिंग किती खोल होते, चढ कोणत्या मैलाच्या दगडापाशी मोडत होता, हे जुन्या रेल्वे कंपनीच्या चढ-उताराच्या आलेखांतून, जुन्या सर्वेक्षणाच्या नकाशांतून, कामकाजाच्या वेळापत्रकांतून शोधावे लागते. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटनचे जुने नकाशे सर्वांसाठी खुले केले, त्यांचा या लोकांना केवढा तरी उपयोग झाला आहे.

त्यातून वळणांची आणखी एक कटकट. त्या खेळातले रूळ ठरावीक लांबीच्या आणि ठरावीक वाकाच्या तुकड्यांचे. खऱ्या भूमापकाने वळण जमिनीला पाहून काढलेले. ते या तुकड्यांत बसत नाही. वीस मैल नीट आले आणि एकविसाव्या मैलावर स्टेशन चाळीस मीटर बाजूला पडले, असे होते. मग मागे जाऊन सारे पुन्हा. भाच्याच्या तोंडून अशा रात्री जे शब्द निघतात ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाहीत.

येथे मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. आम्ही इतिहास लिहिणारे मोठे सुखी लोक. ‘बाथहून निघालेला मार्ग मेंडिप टेकड्या ओलांडून बोर्नमथला जाई,’ असे एक वाक्य लिहिले की आमची सुटका झाली. मधल्या ७१ मैलांत काय होते ते आम्हाला ठाऊक नसले तरी वाचकाला कळत नाही. मार्ग बांधणाऱ्याला ही चलाखी करता येत नाही. गाडी प्रत्येक यार्डावरून जाणार आणि खिडकी उघडी असणार. रुळाच्या डाव्या हाताला काय आहे ते ठाऊक नसेल तर तेथे हिरवे पोकळ मैदान दिसते, आणि त्याचे अज्ञान ताशी चाळीस मैलांनी सर्वांसमोरून जाते.

व्यापारी कंपन्यांनाही हे नेहमी साधले असे नाही. २००१ च्या त्या सहा मार्गांतला इंग्लंडचा मार्ग म्हणजे सेटल ते कार्लाइल. १८६९ ते १८७६ या काळात मिडलंड रेल्वेने उत्तर इंग्लंडच्या ओसाड डोंगराळ मुलखातून काढलेला ७२ मैलांचा हा मार्ग. शंभरास एक असा लांबच लांब चढ, ब्ली मूरचा बोगदा, आणि रिबलहेडचा चोवीस कमानींचा, १०४ फूट उंच दगडी पूल. खेळात तो १९२० नंतरच्या दशकातला दाखविला आणि त्यावर धाववले प्रसिद्ध ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ इंजिन. जे त्या काळी दुसऱ्याच कंपनीचे, देशाच्या पूर्व अंगाच्या मार्गावर धावणारे. दरवाजाहून उंच मावळा तो हाच! जाणकारांनी हसून घेतले आणि मग फुकट, बिनबोभाट, त्या मार्गाला शोभणारी इंजिने करून वाटली.

मला मात्र दुसरे काही खुपले. रिबलहेडच्या पुलाखाली बांधकामाच्या वेळी मजुरांच्या वस्त्या होत्या. सेबास्टोपोल, जेरिको, जेरुसलेम अशी त्यांची नावे. बायकामुलांसह राहणारी ती माणसे अपघातांनी आणि देवीच्या साथीने मेली. जवळच्या चॅपल-ल-डेलच्या दफनभूमीत त्या वर्षांत दोनशेहून अधिक प्रेते पुरली गेली. पडद्यावर त्या जागी हिरवळ आहे. अर्थात १९२० नंतर ती खरोखरच हिरवळ होती, तेव्हा चूक कोणाची म्हणणार? काचेमागचा मार्ग एखाद्या दिवसाचा असतो. आधीचे त्यात मावत नाही.

या मार्गाचे दैव सॉमरसेट-डॉर्सेटहून बरे. १९८० नंतर तोही बंद करावयाचे घाटत होते, कारण पुलाची दुरुस्ती परवडत नव्हती. लोकांनी हजारोंनी हरकती नोंदविल्या. त्यांत रस्वार्प नावाच्या एका कुत्र्याचीही हरकत होती. तो तिकीट काढून प्रवास करीत असे, म्हणून मालकाने अर्जावर त्याच्या पंजाचा ठसा उमटविला. एप्रिल १९८९ मध्ये सरकारने मार्ग चालू ठेवण्याचे ठरविले. गार्सडेल स्टेशनाच्या फलाटावर त्या कुत्र्याचा पुतळा आज उभा आहे. भाच्याच्या आग्रहाने मीही एका रात्री त्या मार्गावर गाडी नेली. चढ बरा साधला, पण उतारावर ब्रेक लावावयास उशीर केला आणि स्टेशन पुरते ओलांडून फर्लांगभर पुढे जाऊन थांबलो. पडद्यावरच्या उतारूंनी काही म्हटले नाही. भाच्याने मात्र म्हटले.

सिम्युलेटरलाही मरण आहे. मायक्रोसॉफ्टने पुढचा खेळ काढण्याचा घाट एकदा घातला आणि सोडला. पुन्हा घातला, तर २००९ च्या जानेवारीत तो करणारा विभागच बंद झाला. तोवर जगभर लोकांनी शेकडो मार्ग रात्री जागून बांधले होते, आणि ते ज्या कार्यक्रमावर चालत तो नव्या संगणकांवर कुरकुरू लागला होता. एकदा मोडलेले मार्ग दुसऱ्यांदा मोडण्याची वेळ आली. तेव्हा काही प्रोग्रामर छंदिष्ट एकत्र आले आणि त्यांनी ‘ओपन रेल्स’ नावाचा, कोणाच्याही मालकीचा नसलेला, कोणीही उघडून पाहावा आणि सुधारावा असा नवा सिम्युलेटर लिहावयास घेतला. जुने सारे मार्ग त्यावर चालले पाहिजेत, ही पहिली अट. २०१५ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती निघाली. कोणाला पगार नाही, कोणाचे नाव फलाटावर नाही.

आमचा भाचा बांधतो तो याच ‘ओपन रेल्स’साठी. भारतातली इंजिने, डबे आणि मार्ग करणारी हौशी मंडळी गेली अनेक वर्षे आहेत, त्यांतलाच तो एक. प्रथम त्याच्या मनात बोरघाट होता. खंडाळ्याचे ते जुने रिव्हर्सिंग स्टेशन, जेथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावावे लागे आणि जे १९२९ साली नव्या मार्गामुळे बंद झाले, ते पुन्हा उभे करावयाचे. मग त्याने विचार बदलला. ‘‘ते पाहिलेलं माणूस आता कुठून आणू?’’ असे तो म्हणाला, आणि बार्शी लाइट रेल्वे हाती घेतली.

येथे इंग्लंडची आणि आपली गाठ पुन्हा पडते. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंजिनियराने १८९७ साली कुर्डुवाडीहून (तेव्हाचे बार्शी रोड) बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची ही गाडी सुरू केली. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवरही भरपूर माल जातो, हा त्याचा सिद्धान्त. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढून २०२ मैलांची झाली. वारकऱ्यांची कैक पिढ्यांची ती गाडी. याच कॅलथ्रॉपने बार्शीचा अनुभव गाठीला बांधून इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड हा अडीच फुटीच छोटा मार्ग १९०४ साली काढला. त्यावरच्या इंजिनांना हिंदुस्थानी थाटाचे भले मोठे दिवे होते, आणि एकाचे नाव ‘ई. आर. कॅलथ्रॉप’. (या गृहस्थाने पुढे वैमानिकांसाठी हवाई छत्रीही शोधली, माणसाचे डोके स्वस्थ बसत नव्हते.) तो मार्ग १९३४ साली बंद पडला, आता त्यावर पायवाट आहे. आपली बार्शी लाइट १९५४ साली सरकारकडे आली आणि या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. बंद पडली नाही, रुंद झाली. लोकांची सोय झाली हे खरेच आहे. परंतु अरुंद गाडी कोठून वळत होती, कोठे धापा टाकत होती, ते पुसले गेलेच.

या मार्गाचा कोणी आयव्हो पीटर्स भाच्याला अद्याप भेटलेला नाही. लग्नाच्या अल्बमात मागे उभा असलेला एखादा डबा, वारीच्या जुन्या फोटोत छपरावर बसलेली माणसे, कोणाच्या तरी आजोबांच्या ट्रंकेतले वेळापत्रक, असे तो गोळा करीत असतो.

बहिणीच्या शेजारी त्या नॅरोगेजवर पुष्कळ वर्षे काम केलेले एक निवृत्त ड्रायव्हर राहतात. ऐंशीच्या घरातले. गेल्या दिवाळीत फराळाला आले तेव्हा भाच्याने त्यांना संगणकापुढे नेऊन बसविले आणि आपले आठ मैल चालवून दाखविले. चकलीचा तुकडा हातात तसाच धरून म्हातारबुवा पाहत होते. इंजिनाचा रंग चुकला होता, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. एक वळण आले आणि गेले, तसे ते म्हणाले, ‘‘मागं घे बरं जरा.’’

भाच्याने गाडी मागे घेतली.

‘‘थंडीच्या दिवसांत पहाटेच्या गाडीला इथं वाळू टाकायला लागायची. दव पडलेलं असायचं रुळावर. चाक नुसतं फिरायचं जागच्या जागी. तुझं घसरत नाही ते?’’

‘‘कोणतं वळण म्हणालात, आजोबा? हे, की याच्या पुढचं?’’ भाच्याने वही ओढली.

म्हातारबुवांनी चकली बशीत ठेवली, धोतराला हात पुसले आणि खुर्ची पडद्याजवळ सरकवली. ‘‘थांब, पुन्हा स्टेशनापासून काढ. चालताना कळेल.’’